वीतभर हरवलेली गुंफण

निवृत्त झाल्यावर मी इथे अमेरिकेत, ॲन आर्बरच्या विद्यापीठात मध्ययुगीन शिल्पाच्या वर्गात नाव घातलं. मुलगी म्हणाली, "आई, नुसतं ऑडिट कर ना, बसून ऐकायचं फक्त. असाइनमेंट्सचं टेन्शन कशाला घेतेस?" मी म्हटलं, असाइनमेंट नसेल तर एवढ्या बर्फात बस पकडायला मला काय वेड लागलंय?

वर्गाबाहेर एका दगडी क्रूसाच्या खांबाची प्लास्टरमधली प्रतिकृती होती. मूळ खांब इंग्लंडमधला, हजारेक वर्षांपूर्वीचा. खालचा तुकडा आहे, वरचा आहे, मधला वीतभर गेलाय. सगळ्या अंगावर पट्ट्यांची गुंफण: एक पट्टा दुसऱ्यावरून जातो, तिसऱ्याखालून निघतो, कडेला वळून परत येतो. ती हरवलेली वीत कागदावर भरून काढायची, हे आमचं काम. प्राध्यापकबाईंना पटेल ते चित्र खांबाशेजारी लागणार होतं. ते माझंच लागावं असं मला वाटत होतं, आणि लपवू कशाला, फार वाटत होतं. माझी सगळी नोकरी गाड्यांच्या सुट्या भागांची, दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंग्ज तपासण्यात गेली. चूक दिसली की लाल खूण. माझं स्वतःचं म्हणावं असं एकही नाही.

वर्गातली मुलं कॉम्प्युटरला भिडली. मी कागदावर ठिपके मांडले. ठिपक्यांच्या रांगोळीत हात बसलेल्या बाईला ही गुंफण परकी नाही. फक्त खालच्या तुकड्यात एका जागी पट्टा एक ठिपका आधीच वळला होता. कारागीर मोजायला चुकला होता. रांगोळीत असं झालं की आपण पुसून नीट करतो. मीही नीट केलं.

मग ती वीत काही जुळेना. खालून येणारे पट्टे वरच्या तुकड्याशी एक ठिपका बाजूला पडायचे. अकरा कागद फुकट गेले. आधी मला स्वतःचा राग आला, मग त्या कारागिराचा. मुलगी म्हणाली, "सोड ना यार, आई." मी बारावा कागद घेतला.

तोही जुळला नाही. बाईंनी तो पाहिला, मला खांबापाशी नेलं आणि त्या चुकलेल्या वळणावर बोट ठेवलं. "हे तुमच्या कागदावर कुठे आहे?"

"ती चूक होती. मी सुधारली."

"त्याला नाही सुधारता आली," त्या म्हणाल्या.

घरी येऊन कोटही न काढता मी तेरावा कागद मांडला. या वेळी पट्टा त्याने वळवला तिथेच वळवला. तेव्हा कुठे दिसलं: दगड पुसता येत नाही, म्हणून त्याने पुढच्या वीतभरात एकेक वळण सैल करत स्वतःला सावरून घेतलं असणार. नेमकी तीच वीत हरवली होती. सगळे पट्टे वरच्या तुकड्याला जाऊन मिळाले आणि मला रडू आलं.

माझं चित्र खांबाशेजारी लागलं तेव्हा मुलगी बघायला आली. बराच वेळ बघून तिने खाली बोट दाखवलं. "आई, इथे मिस्टेक आहे."

"आहे," मी म्हटलं. "ती ठेवली म्हणून जुळलं."