लंकाताईंनी लाल केलेली रॅम

लंकाताईंच्या कॉम्प्युटरमध्ये मी त्यांना न विचारता रॅम टाकली आणि सोमवारी सकाळी तो निळा पडला. विष पोटात गेलं की माणूस निळा पडतो असं ऐकून होतो. कॉम्प्युटरचंही तसंच असतं, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

लंकाताई आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. शनिवारी त्या दिंडोरीजवळच्या माहेरी गेल्या, भाच्याच्या बागेत द्राक्षं कशी आलीत ते बघायला, आणि कुंड्यांना पाणी घालण्यासाठी किल्ली माझ्याकडे देऊन गेल्या. पाणी मी घातलं. पण कुंड्यांच्या शेजारीच तो कॉम्प्युटर होता, आणि 'फाइल उघडेपर्यंत माझा चहा उकळून उतू जातो' ही ताईंची तक्रार मी महिनाभर ऐकत होतो. रॅम म्हणजे कॉम्प्युटरचा ओटा. ओटा लहान असला की स्वयंपाक रखडतो. म्हटलं, ताई परत येईपर्यंत ओटा मोठा करून टाकू.

आमच्या शहरातल्या द्वारका चौकात ललितचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, तिथे गेलो. ललित म्हणाला, काका, रॅमची जुनी पट्टी घेऊन या, नाहीतर मदरबोर्ड कुठला ते तरी सांगा, सगळं सगळ्याला चालत नाही. मी म्हटलं, तू मोठ्यातली मोठी दे रे, बघतो मी. आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या घेऊन आलो. आत चार खाचा, दोनांत जुन्या चार-चारच्या पट्ट्या, दोन रिकाम्या. अंगठ्याने दाबल्यावर 'कट्' आवाज झाला आणि कॉम्प्युटर चक्क सुरू झाला. इथे एखादा शहाणा माणूस थांबला असता. मी एक व्हिडिओ बघितला. त्यातला मुलगा म्हणाला, अमुक एक सेटिंग चालू केली की हीच रॅम आणखी पळते. केली चालू. मग ताईंची ती मोठी फाइल उघडून बघितली, झटकन उघडली, मन भरून आलं. बंद करताना कॉम्प्युटरने विचारलं, बदल जतन करायचे का? मी हो म्हटलं.

सोमवारी निळा पडदा. पुन्हा सुरू केला तर पुन्हा निळा. मधेच कसाबसा जागा झाला तेव्हा फाइल उघडायला गेलो, तर ती उघडेना.

त्या फाइलमध्ये ताई त्यांच्या गावच्या अकरा बागांच्या फवारणीची नोंद ठेवतात. कुठल्या तारखेला कुठलं औषध, किती, आणि तोडणीला किती दिवस राहिले, सगळं बाटल्यांच्या फोटोंसकट. गुरुवारी सकाळी दहाला माल परदेशी पाठवणाऱ्या कंपनीचा माणूस ती नोंद बघायला येणार होता. नोंद नसली की तो माल घेत नाही. मग वर्षभर जपलेले घड इथल्याच बाजारात पडेल भावात जातात. अकरा घरं त्या फाइलवर बसली होती, आणि मी त्या फाइलवर.

ताईंचा राग समजायचा तर आधी ओझर समजलं पाहिजे. आयटीआय करून त्या ओझरच्या विमान कारखान्यात लागल्या आणि चौतीस वर्षं तपासणी खात्यात बसल्या. पार्ट बनवायचा दुसऱ्याने, भिंगाखाली धरायचा ताईंनी. नापास झाला की त्यावर लाल रंग, असा ठसठशीत की चुकूनही तो कुणी विमानाला लावू नये. मोठमोठे सुपरवायझर गोड बोलत यायचे, ताई, केसाएवढाच फरक आहे हो. ताई म्हणायच्या, मग केसच बसवा विमानाला. खराब पार्ट त्यांच्या हातून कधी पास झाला नाही. पण त्या अभिमानाने सांगतात ते दुसरंच: चांगला पार्ट त्यांनी कधी लाल केला नाही. करणाऱ्याची मेहनत असते, ती नाहक नापास करणं म्हणजे पाप, असं त्यांचं म्हणणं.

निवृत्त झाल्यावर तपासायला पार्ट राहिले नाहीत, म्हणून त्यांनी आम्हाला घेतलं. गॅसचं सिलिंडर त्या वजन केल्याशिवाय घरात येऊ देत नाहीत. पाण्याच्या टाकीची झाकणं स्वतः वर चढून बघतात. आमचे सोसायटीचे सेक्रेटरी जीवनराव गुडघे दुखत असूनही जिन्याने उतरतात, कारण लिफ्टमध्ये ताई भेटतात.

अशा ताई सोमवारी दुपारी परतल्या. माझ्यासाठी द्राक्षांची पिशवी आणली होती, ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि मग त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पट्ट्या टाकल्याचं मी सांगितलं. पुढची पंधरा मिनिटं त्या बोलल्या आणि मी पिशवी धरून उभा राहिलो. माझं शिक्षण, माझा अंगठा, पट्ट्या विकणारा दुकानदार आणि त्या दुकानदाराचे आईबाप, सगळ्यांचा समाचार झाला.

"संतोष दहावी नापास आहे," त्या म्हणाल्या. संतोष म्हणजे त्यांचा भाचा. "पण दोन औषधं टाकीत एकत्र करायच्या आधी तो बाटलीत थोडी मिसळून बघतो. दुधासारखी फुटली तर बाटली जाते, टाकी वाचते. तू एवढा शिकलेला, थेट टाकीत ओतलंस."

मग त्यांनी फुलस्केप कागद घेतला, पट्टीने रकाने आखले. वेळ, काय केलं, कुणी केलं. म्हणाल्या, क्रमाने लिही आणि खाली सही कर. मी दुकान लिहिलं, पट्ट्या लिहिल्या, अंगठासुद्धा लिहिला. ती सेटिंग तेवढी लिहिली नाही. पट्ट्यांसाठीच पंधरा मिनिटं झाली होती, सेटिंगसाठी किती होतील याचा मला अंदाज येईना. खरं सांगायचं तर भ्यालो. सही केली.

मंगळवारी तपासणी झाली. ताईंनी चारही पट्ट्या काढल्या, टोकं खोडरबरने पुसली आणि एकेक पट्टी एकटीच खाचेत घालून मेमरी तपासणारा प्रोग्रॅम लावला. पहिली नवी पट्टी, पडद्यावर चुकांच्या रांगा. दुसरी नवी, तेच. जुन्या दोन्ही स्वच्छ. त्यांनी माझ्या कागदावर बोट ठेवलं.

"यात लिहिलंय त्याशिवाय काही केलं नाहीस ना?"

मी मान हलवली. ताईंनी कपाटातून लाल नेलपॉलिशची बाटली काढली (नखांना त्यांनी ते आयुष्यात लावलेलं नाही) आणि दोन्ही नव्या पट्ट्यांवर एकेक ठिपका दिला.

बुधवारी सकाळी मला बरोबर घेऊन त्या द्वारकेला गेल्या. ललितच्या दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. ताईंनी पट्ट्या काउंटरवर ठेवल्या आणि खराब माल गळ्यात मारणाऱ्या माणसांविषयी त्यांना जे वाटतं ते सगळं सांगितलं. बाहेर रिक्षावाले हॉर्न वाजवायचे थांबले, असं निदान मला वाटलं. ललितने शांतपणे एक पट्टी त्याच्या मशीनला लावली. चाळीस मिनिटांनी दुसरी लावली. मग त्याने पडदा ताईंकडे फिरवला. एकही चूक नव्हती.

"ताई, माल चांगला आहे."

मागे कुणीतरी हसलं. ताईंनी पडदा दोनदा वाचला. मग एक पट्टी उचलून त्या तो लाल ठिपका नखाने खरवडू लागल्या. ठिपका निघेना. त्या खरवडतच राहिल्या. ते मला बघवलं नाही.

"ताई," मी म्हटलं, "वेगाची एक सेटिंग मी बदलली होती."

ललितने कपाळावर हात मारला. मग तो बिचारा समजावत बसला: या पट्ट्या त्या वेगाने पळू शकतात, पण तुमचा मदरबोर्ड जुना आहे, त्याला तो वेग झेपत नाही. सेटिंग चालू ठेवूनच तपासलंत, म्हणून नव्यांत चुका दिसल्या; जुन्यांना तो वेगच नाही. ती बंद करा, या दोनच लावा, जुन्या यांच्यात मिसळू नका, चालेल.

ताईंनी त्याची माफी मागितली. चार-पाच गिऱ्हाइकांसमोर, स्पष्ट शब्दांत. तुमचा चांगला माल मी लाल केला, चूक माझी, असं म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. रिक्षात बसल्यावर बोलल्या.

"चुका होतात. पण तू त्या कागदावर सही केलीस. चौतीस वर्षं मी सह्यांवर विश्वास ठेवून विमानं सोडली."

मुंबई नाक्यापर्यंत रिक्षाचं मीटर बघत बसलो.

घरी येऊन त्यांनी सेटिंग बंद केली, नव्या पट्ट्या लावल्या, तपासणी स्वच्छ झाली. जुन्या पट्ट्या पाकिटात घालून पाकिटावर तारीख टाकली. कॉम्प्युटर पळायला लागला, पण फाइल गेली ती गेलीच. त्या बिघडलेल्या अवस्थेत मी जी जतन केली, तिथेच ती फुटली होती. ताई दर एक तारखेला पेनड्राइव्हवर प्रत ठेवतात, म्हणून वाचलो. पण आज एकवीस होती. अकरा बागांचे तीन आठवडे पुन्हा भरायचे, आणि उद्या दहाला तो माणूस.

ताईंनी गावी फोन केला. तीन वाजता संतोष मोटरसायकलवरून अकरा जणांच्या डायऱ्या पिशवीत घालून घेऊन आला. दारातच मला हळूच म्हणाला, "आत्या लय चिडलीय का?" मी म्हटलं, आत जाऊन बघ. त्याने पिशवी माझ्या हातात दिली आणि चहाही न घेता परत गेला.

डायऱ्या बागेत लिहिलेल्या. पेन्सिलीच्या, औषधाने भिजून वाळलेल्या. एकीत फवारणीच्या मधोमध गाईच्या दुधाचा हिशेब. मी वाचायचं, ताईंनी टाइप करायचं. एकदा मी सातचा एक वाचला. ताईंनी डायरी माझ्या हातातून घेऊन खिडकीच्या उजेडात धरली, शेतकऱ्याला फोन लावून विचारलं, मग परत दिली. त्यानंतर मी प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून वाचू लागलो. दिवेलागणीपर्यंत आठ डायऱ्या झाल्या. पाठ अवघडली होती. द्राक्षांची पिशवी टेबलावर तशीच होती, कुणी हात लावला नव्हता. नववी डायरी उघडली आणि मला राहवलं नाही.

"ताई, मी मदतच करायला गेलो होतो हो. आता तरी राग सोडा."

ताईंनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"पुढची तारीख वाच."