भिवईपर्यंत

११ फेब्रुवारी १९५९, बुधवार. सकाळचे साडेसहा. ऑपरेशन थिएटरबाहेर मी निर्जंतुक कापडांचे ड्रम मांडून घेत होते. साडेआठला केस सुरू व्हायची होती. तेवढ्यात वॉर्डातली आया कृष्णाबाई आली आणि दारातूनच म्हणाली, "सिस्टर, ते राहू द्या. आधी सात नंबरचं तोंड बघा."

सात नंबरच्या खाटेवर एक बाई बसली होती. मला आधी वाटलं, खाट बदलली. मग लुगडं ओळखीचं वाटलं. ती गोदावरीच होती. तिला भिवया नव्हत्या. दोन्हींवर एक केस शिल्लक नव्हता.

मी सतरा वर्षं नर्स होते. भाजलेली, बैलानं तुडवलेली माणसं मी पट्ट्या बांधून घरी पाठवलेली. पण त्या कोऱ्या चेहऱ्याला बांधायला माझ्याकडं पट्टी नव्हती. आणि भिवई हीच तर तिची केस होती.

आमचा दवाखाना धाराशिव जिल्ह्यातला, नाव लिहीत नाही. महिन्यातून एकदा पुण्याहून एक सर्जन यायचे. मंगळवारी संध्याकाळी पेशंट तपासायचे, बुधवारी सकाळी ऑपरेशनं करायचे. लढाईत चेहरे फाटलेले सैनिक त्यांनी शिवले होते. नुसत्या रूपासाठी ऑपरेशन असतं, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. आमच्याकडं हर्निया आणि मूतखडेच जास्त.

गोदावरी वीस वर्षांची. सासर परंड्याकडचं. तिला दवाखान्यात आणलं ते सासूनं, भागीरथीबाईंनी. मंगळवारी संध्याकाळी सर्जनसमोर त्यांनी गाऱ्हाणं मांडलं.

"साहेब, सकाळी ही गरीब गाय असती. सांजच्याला काम सांगितलं की उजवी भिवई चढती. आता बघा, चढलीय का न्हाय? मला काय शेणाचा पो समजती का काय! भिवई नीट बसली तर नांदवीन. न्हाय तर जाऊ द्या हिला म्हायेरी. पोराचं दुसरं बघू."

गोदावरी खाली मान घालून ऐकत होती. उजवी भिवई खरोखरच वर होती.

सर्जननी तिची हनुवटी वर केली, दिव्याखाली पाहिलं आणि म्हणाले, "उजवी बरोबर आहे. डावी खाली ओघळली आहे. ती उचलू, म्हणजे दोन्ही सारख्या होतील."

ह्याला ब्रो लिफ्ट म्हणतात. कपाळाच्या वर, केसांच्या रेषेच्या जरा आत चीर द्यायची. कातडीची एक पट्टी काढायची. उरलेली कातडी वर ओढून शिवायची. अंथरलेली चादर एका टोकाला ओढली की दुसऱ्या टोकाची सुरकुती जाते, तसंच. त्यासाठी कपाळाच्या वरचे केस दोन बोटं काढावे लागतात. भिवईला मात्र वस्तरा लावायचा नसतो. ती कुठवर उचलली हे सर्जनला तिच्यावरूनच कळतं, आणि गेलेली भिवई कधी कधी पूर्वीसारखी येतही नाही.

पेशंटचे केस काढायला रहीमचाचा होते, निजामाच्या वेळेपासून नोकरीत. मंगळवारी संध्याकाळी मीच त्यांना सांगितलं होतं, "चाचा, सात नंबर. वरपासून भिवईपर्यंत साफ करा."

बुधवारी सकाळी मी त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"चाचा, हे काय केलंत?"

"तुमीच बोलला की बाई. भिवईपर्यंत साफ."

"भिवईपर्यंत म्हणजे भिवई सोडून!"

चाचांनी वस्तरा मिटला. "बाई, यष्टीत कळंबपर्यंतचं टिकट काढलं, तर कळंब त्याच्यात येतंय का न्हाय? का कंडक्टर येशीच्या बाहेरच उतरवतो?"

मी सर्जनची वाट बघायला दाराशी जाऊन उभी राहिले.

सर्जन आठ वाजता आले. त्यांनी गोदावरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाले, "सिस्टर, भिवईच नाही, तर मी ती कुठपर्यंत उचलू?"

मागून रहीमचाचा हळूच म्हणाले, "बघा, साहेबबी पर्यंतच म्हनत्यात."

हुकूम माझा होता, तसं मी लिहून दिलं. केस पुढच्या महिन्यावर गेली. सर्जनबरोबर भूल देणारे डॉक्टर आले होते, औषधांची पेटी घेऊन. त्यांनी पेटी उघडलीही नाही, तशीच जीपमध्ये परत ठेवली. त्या पेटीचं पुढं सांगते.

भागीरथीबाई भडकल्या. "एक नीट करायला आणली, तर दोन्ही घालवल्या! अशी गावात नेऊ कशी? भिवया येऊस्तवर ठेवा इथंच. बाजारच्या दिवशी येऊन बघीन." आणि निघून गेल्या.

गोदावरी नाकापर्यंत पदर ओढून बसली. कुणासमोर जेवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काजळाची डबी आणि आगकाडी घेऊन तिच्यासमोर बसले. माझ्या चुकीची भरपाई करायला दुसरं काही हाताशी नव्हतं. कुंकवापासून दोन्हीकडं बोटानं माप घेऊन मी सारख्या उंचीवर दोन भिवया काढल्या. आरसा दाखवला. ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "बाई, आधीपेक्षा बऱ्या दिसत्यात."

संध्याकाळी सहाला टेंपरेचर घ्यायला गेले, तर उजवी रेघ डावीपेक्षा वर. वाटलं, सकाळी घाईत आपलीच चूक झाली. पुसून पुन्हा सारख्या काढल्या. "रात्री धुऊ नको," म्हणून सांगितलं.

सकाळी पाहिलं, तर उजवी रेघ डावीच्या खाली.

एकाच काजळानं, एकाच हातानं काढलेली रेघ सकाळी खाली आणि संध्याकाळी वर कशी जाईल? रेघ सरकत नव्हती. तिच्याखालची कातडी सरकत होती. तिच्या भिवयांना केस असते, तर मी तिच्याकडं दुसऱ्यांदा बघितलंही नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सारख्या रेघा काढल्या आणि लक्ष ठेवलं. दुपारी बारापर्यंत ठीक. चारला उजवी जराशी वर. सहाला चांगली बोटभर. त्या वेळी मला काय सुचलं कोण जाणे, मी तिची उजवी भिवई अंगठ्यानं खाली दाबून धरली. म्हटलं, "आता माझ्याकडं बघ."

उजव्या डोळ्याची पापणी पडद्यासारखी खाली आली. निम्मं बुबुळ झाकलं गेलं.

म्हणजे डावी भिवई ओघळलेली नव्हतीच. ती चांगली होती. आजारी होती ती उजवी पापणी. संध्याकाळ झाली की ती दमून खाली यायची, आणि डोळा उघडा राहावा म्हणून बिचारी गोदावरी, स्वतःच्याही नकळत, भिवई वर खेचून धरायची. आम्ही तिची चांगली बाजू कापायला निघालो होतो.

मी आमच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. तो बाजारचा दिवस होता, त्यामुळे भागीरथीबाईही येऊन बसलेल्या. डॉक्टरांनी गोदावरीला विचारलं, "जेवताना काही त्रास होतो?"

"सांजच्याला भाकरी चावायला लई येळ लागतो. जबडा दमतो."

"नखरे," भागीरथीबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी तिला छताकडं टक लावून बघायला सांगितलं आणि घड्याळ धरलं. मिनिटभरात उजवी पापणी उतरायला लागली. मग त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सिस्टर, बुधवारी तिला पूर्ण भूल देणार होते?"

"हो."

"स्नायू ढिले करणारं इंजेक्शन त्यात होतं?"

"होतं. दर खेपेला त्यांच्या पेटीत असतंच."

"मग ही टेबलावरून उठली नसती."

त्यांनी समजावून सांगितलं. ह्या आजाराला मायस्थेनिया म्हणतात. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. वापरावं तसा स्नायू दमतो, विसाव्यानं पुन्हा चालतो. अशा माणसाला ते इंजेक्शन दिलं, की श्वासाचे स्नायूही थांबतात आणि लवकर सुरू होत नाहीत. आमच्याकडं श्वास चालवणारं यंत्र नव्हतं.

बुधवारी चाचांनी माझं म्हणणं बरोबर समजून घेतलं असतं, तर ह्याच हातांनी मी त्या पोरीला टेबलावर झोपवलं असतं.

ह्या आजाराची खात्री करणारं औषध माझ्याच कपाटात होतं, निओस्टिग्मिन. पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी हलेनात, तर आम्ही ते द्यायचो. डॉक्टरांनी ते टोचलं. आम्ही तिघं उभे राहिलो. वीसेक मिनिटांनी गोदावरीची उजवी पापणी वर गेली, आणि काजळाची रेघ आपोआप खाली उतरून डावीच्या ओळीत बसली.

भागीरथीबाई पुढं वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी ही डोळा उघडा ठिवायला भिवई चढवत हुती?"

"हो," डॉक्टर म्हणाले.

"मग सांगायचं की गं!"

"मला तरी कुठं ठावं हुतं, आत्याबाई."

ऑपरेशन कायमचं रद्द झालं. त्याच औषधाच्या गोळ्या सुरू केल्या. पुण्याच्या सर्जनना आमच्या डॉक्टरांनी कळवलं. पुढच्या महिन्यात ते आले तेव्हा त्यांनी आधी गोदावरीला बोलावून घेतलं आणि तिची भिवई स्वतः दाबून पाहिली. गोदावरीच्या भिवया उन्हाळ्यात आल्या, डावी जरा विरळ. ती सासरीच नांदली.

आता रूपासाठी भिवई उचलून घेणारे पुष्कळ झाले आहेत. मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते: आधी आरशात सकाळी बघा, मग संध्याकाळी बघा. डॉक्टरांनी पापणी तपासली का, ते विचारा. भूल देणाऱ्याला आपलं सगळं दुखणं सांगा, भाकरी चावायला वेळ लागतो हेसुद्धा.

त्या इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन कामं केली. भागीरथीबाई मुक्कामाला राहिल्या होत्या. त्यांच्या हातात काजळाची डबी दिली. म्हटलं, "धरा. रोज सकाळी तुम्ही सारख्या काढायच्या. सांजच्याला उजवी वर गेली, तर तोरा न्हाय, गोळी कमी पडली. घेऊन यायचं." त्यांनी सुनेची हनुवटी धरली आणि काढायला घेतलं. पहिलीच रेघ बोटाएवढी जाड आली. गोदावरी हलली नाही.

मग मी व्हरांड्यात गेले. रहीमचाचा वस्तरा चामड्यावर घासत होते. त्यांना म्हटलं, "चाचा, आजपासून भिवई पर्यंतमध्ये येत नाही."

त्यांनी वस्तरा थांबवला. "आणि कळंब?"

"कळंब येतं."