आत पडलेलं बूच

माणसाला अग्नी सापडला, चाक सापडलं, हे सगळं ठीक आहे. पण माणूस खरा शहाणा झाला तो बाटलीला बूच लावायला शिकला तेव्हा, असं छातीवर हात ठेवून सांगणारा एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिला. ते आमचे आतोबा, म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. काष्टीच्या एका दवाखान्यात ते कंपाउंडर होते. दवाखान्यातले डॉक्टर तीन वेळा बदलले, पाटी दोनदा रंगवली, कंपाउंडर मात्र तेच. गावातली माणसं म्हणायची, नाडी डॉक्टर बघतो पण गुण येतो तो कंपाउंडरच्या हाताला. त्यावर आतोबा मान हलवायचे. "माझ्या हाताला न्हाई बाबा, बुचाला. औषध कितीबी भारी आसू द्या, बूच ढिलं आसलं की निम्मं एस्टीतच सांडतंय."

मी तेव्हा नगरला कॉलेजात होतो आणि सुट्टी लागली की आधी आत्याकडे पळायचो. म्हणजे एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराची गोष्ट. त्या काळी औषधाची बाटली पेशंटनं घरून आणायची पद्धत होती. बाजाराच्या दिवशी दवाखान्यात काय काय बाटल्या यायच्या! खोबरेल तेलाची, शाईची, कुणाकुणाची तर जिच्यातला मूळ माल काय होता हे विचारू नये अशी. आतोबा बाटली हातात घेत, एक डोळा मिटून तिच्या गळ्यात बघत, आणि खणात न बघताच हात घालून नेमक्या नंबरचं बूच काढत. मग त्यांची ती 'मगर'. लोखंडाचा दातेरी जबडा असलेला एक चिमटा होता, त्यात बूच घालून दाबलं की ते मऊ पडायचं. बूच मगरीला चावायला द्यायचं, दोन बोटांत मळायचं, पिळून बाटलीत बसवायचं आणि मग ती बाटली थेट पेशंटच्या डोक्यावर उलटी धरायची! "पडला थेंब? न्हाई ना? मग जावा आता बिनघोर." फेटा असो, टोपी असो नाहीतर बाईमाणसाचा पदर असो, ही कसोटी कुणालाही चुकली नाही. एकदा मात्र तलाठ्याच्या टकलावर लाल मिक्श्चरचा एक थेंब पडला. तलाठी हसले, रुमालानं डोकं पुसून निघूनही गेले. आतोबा त्या दिवशी जेवले नाहीत. आत्यानं विचारलं तर म्हणाले, "बूच सात नंबरचं पायजे हुतं, मी साडेसहाचं लावलं. माझी अक्कलच गहाण पडली."

घरात तर बुचांचंच राज्य. खाटेच्या एका आखूड पायाखाली बूच. वाऱ्यानं आपटणाऱ्या खिडकीत बूच. पातेल्याच्या झाकणाची मूठ तुटली, तिथं बूच. आत्याच्या कुडीची मागची फिरकी हरवली तेव्हा आतोबांनी इतका नाजूक बुचाचा तुकडा कोरून दिला, की सोनाराकडे जायचं राहूनच गेलं आणि आत्या ते दुःख पुढं कित्येक वर्षं बोलून दाखवायची. भीमेवर मासे धरणारी माणसं गळाला बांधायला त्यांच्याकडूनच बुचं न्यायची, देताना आतोबा बजावायचे, "बूच बुडालं की मगच वढा, उगं घाई करू नका, त्याला त्याचं काम करू द्या." शाळेच्या गॅदरिंगमध्ये मिशा काढायला जळकं बूच लागे, तेही ते जातीनं जाळायचे. मावळ्याला आठ नंबरचं, सरदाराला बारा नंबरचं, आणि फितुराची मिशी म्हणे कधी नव्या बुचानं काढू नये. गोटी सोड्यावर त्यांचा भारी राग. बाटलीच्या नरड्यात गोटी अडकवून ठेवायची आणि वर अंगठ्यानं तिच्या टाळक्यात हाणायचं, ही काय रीत झाली? तालुक्याहून कुणीतरी प्लॅस्टिकच्या फिरकीच्या झाकणाची बाटली आणून दाखवली तेव्हा त्यांनी ते झाकण तीनदा लावलं, तीनदा काढलं आणि परत दिलं. "ह्याला बसवायला काय लागतंय? ह्ये तर कुणालाबी यील," म्हणाले.

गावात एक बुचाचं झाड होतं, दवाखान्याच्या अगदी समोर. त्याच्या सालीचंही बूच करतात म्हणे. आतोबांनी एकदा करून बघितलं होतं आणि नापास केलं होतं. "साल मऊ हाय, पण मनानं कच्ची," असा निकाल. फुलांबद्दल मात्र तक्रार नव्हती. सकाळी झाडाखाली पांढऱ्या, लांब देठाच्या फुलांचा सडा पडायचा. हे कडक शिस्तीचे कंपाउंडर खाली वाकून टोपीत फुलं वेचायचे आणि घरी आणायचे. देठात देठ गुंफून बिनदोऱ्याचा गजरा करायचा आणि तो सुमाताईला द्यायचा. सुमाताई म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. बोलण्यात तो माणूस तोलून मापून. पण तिच्या बाबतीत त्याला नंबरबिंबर काही सुचत नसे. तिनं सायकल मागितली, दिली. मॅट्रिकनंतर बालवाडीवर शिकवायला जाते म्हणाली, जा म्हणाले. आत्या चिडून म्हणायची, "जरा तोंडाला बूच लावायला शिकवा पोरीला." आतोबा गंभीरपणे विचारायचे, "कितव्या नंबरचं?"

आता सुमाताईला तेविसावं सरून चोविसावं लागलं. स्थळं येऊ लागली. आणि इथं आतोबांनी जे केलं ते नगर जिल्ह्यात काय, उभ्या महाराष्ट्रात कुठल्या मुलीच्या बापानं केलं नसेल. पोहे व्हायचे, मुलीला नाव विचारून व्हायचं, आणि आता चहा येणार एवढ्यात आतोबा उठून फडताळातून एक रिकामी बाटली आणायचे. बाटलीच्या आत बूच पडलेलं. ती नवऱ्या मुलाच्या हातात द्यायचे. "पाव्हणं, एवढं बूच भाईर काढून दावा. बाटली फुटता कामा न्हाई, बुचाचा भुगा हुता कामा न्हाई."

पुणतांब्याचा एक बागाईतदार आला होता, गडी देखणा. त्यानं छत्रीची काडी मागून घेतली आणि बुचाला असं काही भोसकलं की पाच मिनिटांत बाटलीत नुसता कोंडा. आतोबांनी हात जोडले. दुसरा नगरचा, कचेरीत कारकून. त्यानं बाटली उलटीसुलटी केली आणि हसून म्हणाला, "फोडून टाकू की. नवी आणून देतो." आतोबांना ते लागलं. पाहुणे गेल्यावर ओसरीवर येरझाऱ्या घालत म्हणाले, "उद्या संसारात काय अडाकलं तर ह्यो फोडून टाकील आन् नवा संसार आनून दील!" आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, पोरगी उजवायचीय का बाटल्या धुवायच्यात?" पण ते काही बधले नाहीत. बघता बघता ही बातमी पंचक्रोशीत झाली, आणि स्थळं यायची बंद झाली.

तेवढ्यात गावच्या शाळेत पाथर्डीकडचे एक मास्तर बदलून आले. आल्या आल्या त्यांना खोकला झाला. सुमाताई दुपारी बाराला वडिलांचा डबा घेऊन दवाखान्यात जायची, आणि मास्तरांचा खोकला नेमका पावणेबाराला उसळायचा. चार महिने झाले तरी हटेना. डॉक्टर काळजीत पडले, छातीचा फोटो काढा म्हणाले. मला मात्र सुमाताईनं स्वयंपाकघरात गाठून स्पष्टच सांगितलं, "हे स्थळ मी ठरवलंय. ते आईला आणि मामाला घेऊन येणार आहेत. आप्पांच्या त्या बाटलीपायी हे मोडलं, तर मी परत कुणापुढं पोह्यांची बशी घेऊन बसायची नाही. सांगून ठेवते." असं म्हणताना तिचे डोळे भरले होते. मग तिनं चुलीपाशी बसून मला युक्ती दाखवली. रुमाल बाटलीत सोडायचा, टोक हातात ठेवायचं, बाटली आडवी करून बूच रुमालाच्या घडीत घ्यायचं, आणि हळू ओढायचं. रुमाल येतो, त्याच्या कुशीत बूच येतं. मी तोंडात बोट घातलं.

रविवारी शाळेच्या रिकाम्या वर्गात मी मास्तरांची शिकवणी घेतली. गडी हुशार. संध्याकाळपर्यंत बुचं अशी पटापट निघायला लागली की मलाच आता हे लग्न झाल्यासारखं वाटायला लागलं.

पाहुणे आले. मास्तरांची आई, मामा आणि मास्तर. मामा मोठे रुबाबदार, मांडीवर टोपी ठेवून बसलेले. पोहे झाले. आतोबांनी बाटली आणली, नेहमीचं वाक्य म्हटलं. मास्तर माझ्याकडे बघून किंचित हसले आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला. अरे देवा! मुलगी बघायला जायचं म्हणून आईनं तो पांढराशुभ्र धुऊन, खळ घालून, कडक इस्त्री करून दिला होता. रुमाल कसला, पापड! तो बाटलीत जाईचना. गेला तर वळेचना. बूच एकीकडे, रुमाल दुसरीकडे. मास्तरांच्या कपाळावर घाम आला, तर तो पुसायला रुमाल बाटलीत. मी डोळे मिटून घेतले. मामांनी टोपी उचलली, झटकली आणि डोक्यावर ठेवली. "आमी पोरगी बघाया आलोत का सर्कशीत कामाला? चला, उठा." आत्या दाराला धरून उभी राहिली.

तेव्हा इतका वेळ मान खाली घालून पाटावर बसलेली सुमाताई उठली. मास्तरांच्या हातातून तिनं बाटली घेतली, तो कडक रुमाल ओढून काढला आणि वडिलांपुढं उभी राहिली.

"आप्पा, तुमचा रुमाल द्या."

आतोबांचा हात खिशावर गेला आणि तिथंच राहिला. मग त्यांनी रुमाल काढला. शंभर वेळा धुतलेला, मऊ, मिक्श्चरचे डाग पडलेला. सुमाताईनं तो आत सोडला, बाटली आडवी केली, मनगट जरासं वळवलं आणि ओढला. 'पुक्' असा आवाज झाला आणि बूच बाहेर. अख्खंच्या अख्खं. तिनं ते वडिलांच्या तळहातावर ठेवलं.

"परीक्षा पोराची हुती," आतोबा पुटपुटले.

"संसार दोघांचा असतो, आप्पा. एकाला आलं की झालं."

मामा टोपी घालून तसेच उभे. बोलल्या त्या मास्तरांच्या आई. "बस रं दादा खाली. मला हीच सून पायजे. आमच्या घरी राकेलच्या डब्याचं झाकण दिवाळीपासून कुणाला निघंना झालंय." सगळे हसले, मास्तर सगळ्यात मोठ्यानं. आतोबा तेवढे हसले नाहीत. बुचाकडे बघत त्यांनी आत्याला हाक मारली, "चहा टाका." तो त्यांचा होकार होता. आणि गंमत म्हणजे मास्तरांचा खोकला त्याच दिवशी थांबला.

लग्न दुष्काळाच्या साली झालं. विहिरी कोरड्या, तरी मांडवात हसणं-खिदळणं भरपूर. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमाताईला घेऊन जीप पाथर्डीला निघाली. ती रडली, आत्या रडली, मास्तरही थोडे रडले. आतोबा जीपच्या दारांच्या कड्या तपासत फिरत होते. जीप वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा रस्त्यावर आम्ही दोघंच उरलो.

"ती युक्ती तिला मीच शिकिवली हुती," आतोबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "सात वर्साची हुती. मला वाटलं, इसरली आसंल." मग थांबून म्हणाले, "खरं सांगू? त्ये बूच कुनालाच निगू नये, म्हनूनच बाटली ठिवली हुती मी."

मी त्यांच्याकडे वळलो. म्हटलं, "मग आतोबा, रुमाल कशाला दिला तुम्ही?"

"मागितला ना तिनं," ते म्हणाले. "तिनं मागितल्यालं मी कधी न्हाई म्हनलंय का?"

मला रडू आलं. ते मात्र जीपची धूळ खाली बसेपर्यंत तिथंच उभे राहिले.