चार गिअर मागे, एक पुढे

लग्न होऊन मी वर्ध्याहून सेलूला आले, त्या दिवशी मला आधी गाडीच्या बोनेटवर हळदीकुंकवाची बोटं ओढायला लावली आणि मग उंबरठ्यावरचं माप ओलांडू दिलं. तेव्हा मला वाटलं, रीत असेल. नंतर कळलं की आमच्या घरात मोठेपणाची उतरंड ठरलेली होती. आधी गाडी, मग सासरे, मग सासूबाई, मग आमचे हे. मी नवीन होते, त्यामुळे माझा नंबर अजून लागायचा होता.

गाडी म्हणजे एक जुनी परदेशी पिकअप. सासऱ्यांनी, म्हणजे बाबाजींनी, ती तरुणपणी लष्कराच्या लिलावात घेतली होती. तिचं पेट्रोलचं इंजिन कधीच गेलं होतं आणि त्या जागी एक डिझेल इंजिन बसवलं होतं. डावा दरवाजा दुसऱ्याच कुठल्या गाडीचा होता, दिवे तिसऱ्याच. तरी घरात सगळे तिला 'ओरिजिनल' म्हणत. आमचं सरकी-ढेपेचं, म्हणजे जनावरांच्या खुराकाचं, दुकान होतं. वर्ध्याहून ढेपेची पोती आणायची आणि आजूबाजूच्या खेड्यांत पोचवायची, हे तिचं काम. ती ते इमानाने करत असे, पण चाळिसाच्या वेगाने. त्यावर पाय दाबला की इंजिन असं किंचाळायचं की रस्त्यावरच्या म्हशी शेतात उतरत.

मी वर्ध्याच्या एका शाळेत सातवीला गणित शिकवत होते. हे सांगायचं कारण पुढे येईल.

लग्नाला वर्ष झालं असेल, नव्वदीच्या मधली ती वर्षं. नागपूरच्या बाजूला एका नातेवाइकाच्या लग्नाला आम्ही दोघं गाडीने निघालो. केळझर मागे पडलं आणि मागून बँडचा आवाज यायला लागला. ह्यांनी आरशात पाहिलं. ट्रॅक्टर होता, मागे ट्रॉली, आणि ट्रॉलीत सबंध वरात. ह्यांनी पाय दाबला. आमचं इंजिन किंचाळलं. ट्रॅक्टर बाजूने आला, बरोबरीला राहिला आणि निवांत पुढे गेला. ट्रॉलीतल्या बायकांनी आम्हाला हात केले. एका आजोबांनी तर, पाहुणे आहोत असं समजून, यायला बोलावलं. बँडवाला ट्रॉलीच्या फळीला टेकून आमच्याकडे तोंड करून पिपाणी वाजवत होता.

हे लग्नात जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण जिलबी घेतली नाही, आणि ह्यांच्या बाबतीत ते उपवासात धरतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्ध्याजवळच्या नालवाडीला मिस्त्रीकडे. मिस्त्री हा आमच्या गाडीचा घरचा डॉक्टर. त्याने गाडीखाली न वाकता, विडी न विझवता निदान केलं.

"भाऊ, इंजिन तं तुमचं वाघ हाये. पन मांगचा दात लहान पडून राह्यला. मांगचं हौसिंग बदलून टाका, गाडी ऐंशीनं जाईन."

"ऐंशी?" ह्यांचा आवाज बदलला.

"कमी सांगून राह्यलो."

मला काही कळलं नव्हतं, म्हणून मी विचारलं. मागच्या दोन चाकांच्या मध्ये जी जाड लोखंडी नळी आणि पोटाशी गोल डबा असतो, त्याला ते हौसिंग म्हणत. डब्यात दोन दातेरी चाकं. लहान ते पिनियन, मोठं ते क्राऊन. इंजिनाकडून येणारा दांडा पिनियनला फिरवतो, पिनियन क्राऊनला आणि क्राऊन गाडीच्या चाकांना. आमच्यात पिनियन फारच लहान, म्हणून इंजिनाने ढीगभर फेरे मारायचे तेव्हा चाक एकदा फिरायचं.

"म्हणजे हे त्रैराशिक झालं," मी म्हणाले.

मिस्त्रीने ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "शाळेत शिकवते ती." दोघांनी मला समजून घेतलं.

भंगारातून एक हौसिंग मिळालं. ते पाहायला दोन दिवस माणसं येत होती. मूल पाहायला येतात तशी यायची, वाकून पाहायची आणि वजन किती म्हणून विचारायची. बाबाजी मात्र आले नाहीत. ते दुकानात बसून म्हणाले, "चाळीस बरस चाळीसनं गेलो. कोनाची ढेप शिळी झाली नाई." पण पोळा झाल्या झाल्या ह्यांनी गाडी नालवाडीला नेऊन उभी केली. चार दिवसांचं काम होतं.

चार दिवसांचे चाळीस झाले. नवं हौसिंग आमच्या गाडीपेक्षा रुंद निघालं, चाकं दोन्हीकडून चार-चार बोटं बाहेर आली. मिस्त्री म्हणाला, त्याने गाडी वळणावर पडत नाही. मग स्प्रिंगच्या पाट्यांवर ते बसेना, म्हणून नवीन बैठका वेल्डिंग केल्या. मग दांडा लांब झाला, म्हणून तो कापला. मग तो आखूड झाला. दर वेळी मिस्त्री म्हणायचा, "आता फक्त नट कसाचे राह्यले."

एका रविवारी मी जेवणाचा डबा घेऊन गेले तेव्हा जुनं आणि नवं, दोन्ही हौसिंग उघडी पडली होती. मी खडू मागितला, एका दातावर खूण केली आणि मोजत गेले. जुन्यात सहा आणि सदतीस. नव्यात नऊ आणि एकेचाळीस. डब्याच्या झाकणावर भागाकार केला. जिथे आधी इंजिनाला सहाच्या वर फेरे पडायचे, तिथे आता साडेचार पडणार.

"गाडी चौपन्ननं जाईल," मी सांगितलं. "ऐंशीनं नाही. आणि भरलेली असली तर चढावर उचलणार नाही, कारण वेग वाढला तेवढी ताकद कमी."

"मॅडम," मिस्त्री फार नम्रपणे म्हणाला, "लोखंडाचं गनित येगळं असते."

मग मला आणखी एक गोष्ट दिसली. जुन्या हौसिंगमध्ये मोठं चाक पिनियनच्या डाव्या अंगाला होतं. नव्यात, मिस्त्रीने रॉकेलने धुऊन पुन्हा बसवलं होतं ते, उजव्या अंगाला. मी म्हणाले, "हे उलटं तर नाही ना बसलं?"

मिस्त्री हसला. हे हसले. पंक्चर काढायला आलेला एक अनोळखी माणूस, तोही हसला.

"गोल चीज हाय मॅडम. गोल चीजले काय उलटं नि सुलटं?"

मी डबा उचलून घरी आले. आज कुणी विचारलं तर सांगते, तिथे मी भांडायला हवं होतं. पण नवी सून, गॅरेज, आणि तिघे हसणारे पुरुष. मी स्वतःलाच समजावलं की खरंच लोखंडाचं गणित वेगळं असेल.

दसऱ्याला गाडी तयार झाली. ह्यांनी मुहूर्त काढला. गॅरेजसमोर वीस-पंचवीस माणसं, झेंडूचा हार, पुढच्या चाकांखाली लिंबं. सासूबाई आल्या होत्या आणि, कुणाला वाटलं नव्हतं, बाबाजीही आले. धोतर, कोट, टोपी. ते गाडीजवळ गेले नाहीत, खुर्ची टाकून लांब बसले. नारळ फुटला. हे आत बसले, इंजिन सुरू केलं, पहिला गिअर टाकला आणि हसऱ्या चेहऱ्याने क्लच सोडला.

गाडी मागे गेली.

मागे मिस्त्रीचा टिनाचा शेड होता. त्याचा एक खांब वाकला आणि पाटी खाली आली. लिंबं जिथल्या तिथे, शाबूत.

"भाऊ, रिव्हर्स लावला तुमी!" मिस्त्री ओरडला.

"पहिला हाये!"

"मंग दुसरा लावा!"

दुसरा लावला. गाडी आणखी जोरात मागे गेली आणि दुसरा खांबही वाकला. लोक पांगले. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं लिंबू वाळलेलं होतं. एकाने खात्रीने सांगितलं की परदेशी गाड्यांत गिअर उलटेच असतात, आजवर आपणच चुकीचं चालवत होतो. शेवटी ह्यांनी घाबरत रिव्हर्स टाकला, आणि गाडी शहाण्यासारखी पुढे आली, लिंबं चिरडली आणि थांबली. टाळ्या वाजल्या.

आता चार गिअर मागे जायला होते आणि एक पुढे.

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. मग तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मॅडम, तुमी त्या दिवशी काय म्हनलं होतं?"

हौसिंगचा डबा उतरवून फिरवून बसवायला आठवडा लागणार होता. पण सणाच्या दिवशी हार घातलेली गाडी गॅरेजात सोडून बसने घरी जायला हे तयार नव्हते. "पुढं जाते ना? मंग झालं," म्हणाले. सासूबाईंना आणि बाबाजींना एसटीत बसवलं आणि आम्ही दोघं निघालो. रिव्हर्स गिअरमध्ये, पुढे, नालवाडीहून सेलूपर्यंत.

त्या गिअरमध्ये गाडी धावणाऱ्या माणसाइतकी चालायची. सायकलवाले आम्हाला ओलांडून जायचे आणि पुढे जाऊन वळून पाहायचे. एक ओळखीचे गुरुजी तर सायकलवरून खिडकीशी बरोबरीला राहिले आणि पाच-सात मिनिटं ह्यांच्याशी पावसापाण्याचं बोलले. बोलणं संपल्यावर, "बराय, पुढं होतो," म्हणून निघून गेले. मी पदर तोंडाशी धरून बसले होते.

"हास," हे म्हणाले. "हास ना. काऊन दाबून राह्यली?"

मी हसले. खूप हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हे आधी रागावले, मग स्टिअरिंगवर डोकं टेकून तेही हसायला लागले. लग्नानंतर आम्ही दोघं इतकं एकत्र पहिल्यांदाच हसलो. गाडी आपली चालतच होती. तिला त्या वेगात कुणी सांभाळायची गरज नव्हती.

आठवड्याने डबा फिरवून बसला आणि चारही गिअर पुढे आले. चाचणीला आम्ही रिकामी गाडी घेऊन निघालो. हे पाय दाबत गेले आणि एकदम चेहरा पडला. काटा चाळिसावरच अडकला होता.

मी घड्याळ काढलं. किलोमीटरचे दगड मोजले. "चौपन्न आहे," मी सांगितलं. "काट्याची वायर गिअरबॉक्सातून येते, त्याला मागे काय बदललं ते माहीतच नाही."

ह्यांनी घड्याळाकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, आणि काट्यावर विश्वास ठेवला. मिस्त्रीकडे गेलो. त्याने काच उघडली, कागदाच्या चिटोऱ्यावर पेनाने '८०' लिहिलं आणि चाळिसावर चिकटवलं. हे खूश झाले. पुढे कित्येक वर्षं आम्ही ऐंशीने जात होतो.

मग ढेप भरली. केळझरच्या अलीकडे एक चढ आहे, फार नाही, बैलं न थांबता चढतात. गाडी अर्ध्यात थांबली. पहिला गिअर, धूर, जळका वास, आणि हळूहळू मागे. चढाखाली अर्धी पोती उतरवली, अर्धी वर नेली, परत येऊन उरलेली नेली. असं महिनाभर चाललं. ज्या गाडीची ताकद गावात सांगायचे, ती आता रिकामी असली तर जगात कुणाला ऐकत नव्हती, आणि भरली की चढ पाहूनच थांबत होती. ह्यांनी ढेपेसाठी भाड्याचा टेम्पो लावला. 'वेगासाठी थोडा त्याग करावा लागतो,' असं ते गिऱ्हाइकांना सांगत.

अशी गाडी दारात बसून राहिली. रिकामी, वेगवान, कुणाच्याच कामाची नाही. एका सकाळी मी म्हणाले, "मला शिकवा."

"कायले?"

"शाळेत जायला."

ह्यांना नाही म्हणायला कारण सापडलं नाही. तीन आठवड्यांत मी शिकले. सेलूच्या लोकांनी आधी टीका केली, मग सवय केली, आणि नंतर चिठ्ठ्या पाठवायला लागले की मॅडम, वर्ध्याला जाता तर एवढं औषध आणजा.

बाबाजी त्या दसऱ्यापासून गाडीत बसले नव्हते. एसटीने जायचे, नाही तर पायी. दोन हजार सालानंतर त्यांचे गुडघे फार दुखायला लागले. एका चतुर्थीला सकाळी ते कोट घालून ओट्यावर आले. हे गावाला गेले होते.

"केळझरले दर्शनाले जाचं म्हनतो," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "एसटीची पायरी चढवत नाई आता."

मी किल्ली घेतली. त्यांना चढवायला स्टूल लावलं. ते बसले, दरवाजा दोनदा ओढून पाहिला, हात मांडीवर ठेवले. गाव मागे पडलं. मग म्हणाले, "क्लचवर पाय ठेवून राह्यली तू. काढ."

मी काढला.

"आता बराबर," ते म्हणाले, आणि खिडकीची काच खाली करून बाहेर उभ्या तुरीकडे बघत बसले.