खाडीकडची खिडकी

गेल्या सोमवारी अठरा हजार रुपये घेऊन मी आणि मुलगा रेवदंड्याच्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे गेलो. मुलगा जुन्या गेमिंग लॅपटॉपवर किहीमच्या बंगल्यांची थ्रीडी चित्रं करून देतो. लॅपटॉप मंदावला तशी तीनपैकी दोन गिऱ्हाइकं गेली. प्रोसेसर बदलला तर तिसरं टिकणार होतं.

हा माणूस काढलेले स्क्रू सुपारीच्या डबीत ठेवतो आणि कुठल्याही कामाला "होईल, काका" म्हणतो. रॅम आणि पंखा त्यानेच बदलला होता. त्या दिवशी झाकण उघडून त्याने वास घेतला आणि मला हळूच विचारलं, "टेबल खाडीकडच्या खिडकीत हाय काय?"

मी होकारार्थी मान हलवली. लॅपटॉप तापतो, वारा लागावा म्हणून मीच तो तिथे ठेवायला लावला होता. बोर्डभर हिरवट गंज चढला होता.

"प्रोसेसर बोर्डालाच सोल्डर केलेला हाय, बदलता येत न्हाय," तो मुलाला म्हणाला. "आणि बोर्डाचं वय झालं." खाऱ्या वाऱ्याचं नाव त्याने काढलं नाही.

नुसतं उघडून बघण्याचे तो कधीच पैसे घेत नाही. मुलाच्या नकळत मी पुढे केलेले दोनशे मात्र त्याने घेतले.