जायला पावणेदोन तास, यायला सव्वा

मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या त्या गृहस्थांना सगळे साखळीकाका म्हणत. जमीन मोजायची लोखंडी साखळी खात्यातून कधीच गेली होती, पण काकांना चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. घरापासून दुधाचं दुकान दोनशे बारा पावलं, डॉक्टरांच्या जिन्याला एकोणीस पायऱ्या, हे त्यांना तोंडपाठ.

लेक लग्न होऊन दूरच्या शहरात गेली होती. रस्त्यानं अकराशे चाळीस किलोमीटर, म्हणजे बसचे बावीस तास, आणि काकांची कंबर दोन तासांतच बोंब मारायची. विमानानं मात्र आठशे साठच. नात तीन महिन्यांची असताना लेक तिला एकदा घेऊन आली होती. आता नात पाच वर्षांची झाली, आणि आजोबा म्हणजे फोनमधला माणूस, अशी तिची पक्की समजूत होती.

"बाबा, विमानानं या ना," लेक दर सुट्टीत म्हणे. मग काका कोपऱ्यावरच्या तिकीटवालीकडे जात आणि हुज्जत घालून हात हलवत परत येत.

"जायला पावणेदोन तास, यायला सव्वा. अंतर तेच ना? मग अर्धा तास गेला कुठे? तुमचं मोजमापच चुकतंय."

"काका, वर वारा असतो. जाताना तोंडावर, येताना पाठीवर."

"म्हणजे वाऱ्याच्या भरवशावर तिकीट काढू मी?"

काकूंनी हे पाच वर्षं ऐकलं. यंदा त्यांनी स्वतःच तिकिटं आणून टेबलावर ठेवली. "दोन आहेत. तुम्ही नाही आलात, तर शेजारच्या खुर्चीवर माझी पर्स बसेल."

काका निघाले. विमान धावायला लागलं तसा त्यांनी काकूंचा हात असा आवळला की अंगठी रुतली.

"अहो, घाबरताय की काय?"

"हो," काका पुटपुटले. "पायाखाली जमीन नसली की मला काही सुचत नाही."

"एवढंच होतं, तर सांगायचं नाही का? खाली बघा, आहे तिथंच आहे ती."

काकांनी भीत भीत पाहिलं. शेतं, बांध, नदीचं वळण. जन्मभर उन्हात तुकड्यातुकड्यानं मोजलेली जमीन अख्खी समोर पसरली होती. "तो तुकडा वीस एकर तरी असेल," ते म्हणाले आणि जे खिडकीला चिकटले, ते चिकटलेच.

शहर आलं, पण विमान उतरेना. मागच्या बाई रडवेल्या झाल्या. काका वळून म्हणाले, "काही नाही हो, घिरट्या घालतोय आपण. हे तळं तिसऱ्यांदा आलं, मी मोजलंय." तेवढ्यात वैमानिकाचा आवाज आला: खाली विमानांची गर्दी आहे, थोडा वेळ लागेल. बाईंनी डोळे पुसले.

दोन तास पाच मिनिटं लागली. काकांनी तक्रारीचा शब्द काढला नाही.

बाहेर लेकीशेजारी नात उभी होती. तिनं मान वर वर नेत त्यांना न्याहाळलं. "आजोबा, तुम्ही एवढे उंच आहात?"

काकांनी तिला उचलून घेतलं.

दहा दिवसांनी काकू परतल्या, एकट्याच. नातीच्या शाळेत घरच्या मोठ्या माणसांचं नाटक बसत होतं आणि झाडाच्या कामाला कुणीतरी उंच हवं होतं.