पंधरा जर्स्या आणि एक गुडघा

चहाचा कप आधी खाली ठेवा, अंगावर सांडाल. आता जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही हसणार. खुशाल हसा. माझीच मला एवढी लाज वाटते की तुमच्या हसण्यानं तिच्यात काही भर पडायची नाही.

आमच्या न्हावरे गावात पन्नाशीच्या आसपासच्या लोकांची क्रिकेटची टीम आहे. टीम कसली, दुखण्यांची जत्रा. मॅचच्या आधी मैदानाच्या कडेला उभं राहून बघा. एक जण कंबरेला पट्टा आवळतोय. दुसरा बुटात मऊ गादी कोंबतोय. तिसरा मोबाईलमध्ये बघून योगासन करायला गेला आणि त्यातच अडकून बसलाय. या सगळ्यांचे पुढारी म्हणजे आमचे कॅप्टन, बबनआप्पा. दोन्ही गुडघ्यांना पट्टे आणि वर बामाचे थर. आप्पा बॉलिंगला आले की समोरच्या बॅट्समनच्या डोळ्यांतून पाणी यायचं. त्यांच्या विकेटा त्या बामाच्या वासानंच निघतात, असं माझं स्पष्ट मत होतं.

ते मत मी मनात ठेवत नव्हतो.

"आप्पा, तुम्ही बॉल टाकताय का शेक घेताय?"

"नाना, तुजा बी दिस येईल," आप्पा शांतपणे म्हणायचे.

"माजा? गोठ्यातलं दूध पिऊन वाढलोय मी. बाम तुमच्यासारख्यांनी लावायचा."

बोलून तर बसलो. आणि भीमा नदीपलीकडच्या राहू गावाशी मॅच दोन दिवसांवर आली असताना, गोठ्यात बादली उचलायला वाकलो आणि उजव्या गुडघ्यात कट् झालं. तासाभरात गुडघा पपईएवढा.

आता आप्पांचा नियम असा, की लंगडणारा टीमबाहेर. बाहेर म्हणजे मैदानाकडेच्या मांडवात, टेबलाशी बसून स्कोअर लिहायला. आणि एकदा माणूस त्या टेबलाशी बसला की पुन्हा त्याला मैदानात कुणी बोलवत नाही, हे मी बघितलेलं होतं. बसलेल्यांना मीच 'कारकून' म्हणून चिडवायचो. मला खेळायचं होतं हो. वर्षभर ऊस आणि गायी यांच्यात राबणाऱ्याला तेवढीच एक गंमत असते. खरंच भीती वाटली.

बायको म्हणाली, "अवो, आप्पांकडनं थोडा बाम आणू का?"

"आणलास तर याद राख. त्यापरीस पाय कापून टाकीन."

शिरूरच्या हाडांच्या डॉक्टरांचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. नाव ठेवलं होतं 'डॉक्टर शिरूर'. आणि आमच्या गायींचे डॉक्टर कुठले? तेही शिरूरचेच. त्यांचं नाव 'डॉक्टर शिरूर गाय'. चष्मा लावला असता तर शेवटचा शब्द दिसला असता. पण चष्मा म्हातारे लावतात ना!

बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून विहिरीवर गेलो. शेजारी मोटार घरघरत होती. एक कान बोटानं बंद केला आणि फोन लावला.

"बोला नाना," पलीकडून आवाज आला.

एवढा मोठा डॉक्टर मला नावानं ओळखतो! माझ्या बॅटिंगची कीर्ती शिरूरपर्यंत गेलेली दिसते, म्हटलं.

"डॉक्टर, गुडघा सुजलाय. उठता-बसता येत न्हाई."

"पुढचा का मागचा?"

प्रश्न जरा चमत्कारिक वाटला. पण मोठे डॉक्टर असेच खोलात जात असतील. "पुढनं बी दुखतोय आन् मागनं बी."

"वजन किती भरंल?"

"नव्वद."

"एवढंच? मंग लहानच हाय की अजून. व्हईल बरं."

मला लहान म्हणणारा शेवटचा माणूस कधीच वारला.

"डॉक्टर, काय बी करा, पर रविवारी मैदानात उतरायचं हाय."

"प्रदर्शनाला व्हय? जर्सी हाय का?"

"हाय की. कालच आल्यात. एकदम पंधरा."

"पंधरा जर्स्या? नाना, बोलला न्हाईत कवा."

"पाठीवर नंबर बी टाकून घेतलेत."

"पाठीवर? नंबर कानात असतो नाना."

मोटारीच्या आवाजात मला वाटलं, मस्करी करतायत. मी मोठ्यानं हसलो.

"आसं करतो," ते म्हणाले, "रविवारी मैदानावरच येतो. समद्यांना एकदमच बघतो. तवर चालवू नका आन् खाली मऊ कायतरी टाका."

काय ती सेवा! दोन दिवस मी गादीवरून हललो नाही. बायकोला सांगितलं, गुडघ्याचं काही नाही, मॅचचा विचार करतोय.

रविवारी नवी जर्सी घालून, दात आवळून मैदानात उभा राहिलो. आप्पा बारीक नजरेनं चालीकडं बघत होते. तेवढ्यात मोटरसायकलवरून गायींचे डॉक्टर आले. खांद्यावर बॅग, हातात दोरखंड. हे कशाला मॅच बघायला आले, असं म्हणतोय तोवर त्यांनी लांबूनच हाक मारली.

"नाना, जर्स्या कुठायत?"

"ह्या काय समद्यांच्या अंगात," मी अभिमानानं टीमकडं हात केला.

डॉक्टरांनी पट्टे बांधलेले, वाकलेले, खोकणारे आमचे गडी एकेक करून बघितले. "आन् ते नव्वद किलोचं? गुडघा सुजलेलं?"

सगळ्यांच्या नजरा हळूहळू माझ्या गुडघ्यावर आल्या. पहिले आप्पा समजले. त्यांच्यानंतर राहूकर समजले, आणि ते तर खालीच बसले हसत.

मला मांडवात नेलं. बसवलं कुठं? स्कोअरच्या टेबलाशी. डॉक्टरांनी गुडघा चाचपला आणि म्हणाले, "माणसाचं मी बघत न्हाई. उद्या हाडाच्या डॉक्टरला दावा. पर आज ह्याला पळवू नका." हे त्यांनी मला नाही, आप्पांना सांगितलं. मालकाला सांगतात तसं.

आप्पांनी एक टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसती खिशातून बामाची डबी काढली, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि मुकाट माझ्या गुडघ्याला बाम चोळायला लागले. सगळा मांडव बघत होता.

डॉक्टर दोरखंड गुंडाळता गुंडाळता सवयीनं बोलून गेले, "आप्पा, जरा बाजूनं बसा. लाथ मारंल."

मारणारच होतो हो. पण पाय उचलत होता कुठं?